डी टोटेन आउगेन फॉन लंडन : धुक्यातले खून आणि विम्याची खतावणी

‘डी टोटेन आउगेन फॉन लंडन’ हा पश्चिम जर्मनीत तयार झालेला कृष्णधवल रहस्यपट. नावाचा सरळ अर्थ ‘लंडनचे मृत डोळे’. मार्च १९६१ मध्ये तो प्रदर्शित झाला. दिग्दर्शक आल्फ्रेड फोरर, निर्मिती रियाल्टो फिल्म या संस्थेची आणि कथेचा आधार इंग्रज लेखक एडगर वॉलेस यांची १९२४ सालची कादंबरी ‘द डार्क आइज ऑफ लंडन’. पात्रं लंडनची, पोलीस स्कॉटलंड यार्डचे, नदी थेम्स. बोलणं मात्र सगळं जर्मन, आणि ज्या ओल्या फरसबंद गल्ल्यांतून ही माणसं धावतात त्या बहुतांशी हॅम्बुर्गच्या.

जर्मनीत रहस्यकथेला आणि रहस्यपटाला एकच लाडकं नाव आहे, ‘क्रिमी’. १९५९ ते १९७२ या काळात रियाल्टोने वॉलेसच्या नावावर ३२ क्रिमी काढले. बरेचसे एका साच्यातले आहेत, काही तर आज बघवत नाहीत. हा त्यांतला वेगळा. या मालिकेचं पुढे जे ठरलेलं रूप झालं, म्हणजे दाट धुकं, विक्षिप्त माणसं, मध्येच हशा आणि लगेच किंकाळी, ते बरंचसं इथून पक्कं झालं. शिवाय यातला गुन्हा तलवार-पिस्तुलापेक्षा वहीखात्यातून चालतो, आणि त्यामुळे तो जास्त भीतिदायक वाटतो.

कथा

लंडनवर दाट धुकं उतरलं की थेम्समध्ये एखादं प्रेत सापडतं. मरणारे पैसेवाले, उतारवयाचे, परदेशातून आलेले, आणि इंग्लंडात मागे रडायला कुणी नसलेले. वरवर बघता अपघातच. धुक्यात पाय घसरला, नदीत पडला, संपलं. वरिष्ठांचाही कल प्रकरण तिथेच मिटवण्याकडे. स्कॉटलंड यार्डचा इन्स्पेक्टर लॅरी होल्ट याला मात्र एवढे सगळे श्रीमंत लोक ओळीने कसे घसरतात, हे पटत नाही.

धागा सापडतो तो कागदाच्या एका तुकड्यावर. प्रेताच्या कपड्यांत मिळालेला हा कागद बघायला कोरा आहे, पण त्यावर उठावाचे बारीक ठिपके आहेत. ती ब्रेल लिपी. लुई ब्रेल या फ्रेंच तरुणाने १८२४ च्या सुमारास बसवलेली, सहा ठिपक्यांवर चालणारी, बोटांनी वाचायची लिपी. पाण्यात भिजून बरेच ठिपके बसलेत, त्यामुळे सगळा मजकूर लागत नाही. तो वाचण्यासाठी होल्ट नोरा वॉर्ड या तरुणीची मदत घेतो. तिला ब्रेल येते. कागदाच्या मागोमाग तपास अंधांच्या एका वसतिगृहाच्या दारात जाऊन थांबतो. वसतिगृह चालवणारे धर्मगुरू पॉल डिअरबॉर्न स्वतः अंध आहेत, बोलायला मऊ, वागायला सज्जन. दुसरीकडे मृतांच्या कागदपत्रांतून आणखी एक गोष्ट पुढे येते. या सगळ्यांचे आयुर्विमे एकाच कंपनीत उतरवलेले आहेत, आणि त्या कंपनीचा प्रमुख आहे स्टीफन जड.

यांच्या भोवती मग वॉलेसची नेहमीची जत्रा भरते. ‘फ्लिकर’ फ्रेड हा ब्लॅकमेल करणारा भुरटा, फॅनी नावाची त्याच धंद्यातली बाई, काळा चष्मा घातलेला संशयास्पद सेक्रेटरी एडगर स्ट्रॉस, आणि ब्लाइंड जॅक. हा जॅक म्हणजे अवाढव्य देहाचा, बुबुळं पांढरी झालेला आंधळा. धुक्यात डोळस माणसाला काही दिसत नाही, जॅकला मात्र धुकं असलं काय नि नसलं काय, सारखंच. सावज शोधायला आणि उचलायला हाच माणूस सर्वांत योग्य, हा कादंबरीतला मूळ विचार फार तल्लख आहे. चित्रपटाचा सगळा डोलारा त्यावरच उभा आहे.

शेवट आधी कळू नये असं वाटणाऱ्यांनी हा एक परिच्छेद सोडून पुढे जावं. डिअरबॉर्न आंधळा नाही. धर्मगुरूचा झगा आणि मिटलेली नजर हे दोन्ही सोंग आहे, आणि टोळीचा मेंदू तोच. वसतिगृहाच्या तळघरात पाण्याचा हौद आहे. माणसं तिथे बुडवली जातात आणि मग नदीत सोडली जातात. ज्या नोराने ठिपके वाचले, ती एका मृताच्या संपत्तीची वारस निघते, आणि म्हणून शेवटी तिचीही पाळी त्या हौदापर्यंत येते.

विम्याचं गणित

आयुर्विम्याचा व्यवहार ज्याने थोडाफार बघितलाय त्याला या कथेत वेगळीच गंमत वाटेल. विमा उतरवताना पहिला प्रश्न असतो तो हितसंबंधाचा. ज्याचा विमा काढायचा त्याच्या मरणाने काढणाऱ्याचं नुकसान व्हायला हवं. बायकोचं नवऱ्यात, घेणेकऱ्याचं देणेकऱ्यात असं हित असतं. रस्त्यावरच्या अनोळखी माणसाच्या जिवावर पॉलिसी घेता येत नाही. कारण तसं झालं तर तो माणूस लवकर मरावा अशी एकाची इच्छा तयार होते, आणि इच्छेपासून कृतीपर्यंत फार अंतर नसतं.

ही नुसती तत्त्वाची बात नाही. अठराव्या शतकात इंग्लंडमध्ये परक्या माणसांच्या, नामांकित लोकांच्या जिवावर सर्रास विमे उतरवले जात. तो खरं तर जुगारच होता. शेवटी १७७४ साली ब्रिटिश पार्लमेंटने कायदा करून हितसंबंधाशिवायचे आयुर्विमे रद्दबातल ठरवले. वॉलेसने दीडशे वर्षांनी याच कायद्याला पळवाट कशी काढता येईल, असा डोक्याला खुराक लावला. नातेवाईक नसलेली माणसं निवडायची, म्हणजे प्रेत मागायला, चौकशीचा तगादा लावायला कुणी येणार नाही. विमा कंपनी आतूनच हाताशी असेल तर दाव्याची छाननी करणारा आणि दावा लावणारा एकच. आणि पैसा वळवायला मध्ये एखादी धर्मादाय संस्था असली की ताळेबंदाकडे कुणी वाकडी नजर करत नाही. देणगीची पावती बघून कुणी खुनाचा संशय घेत नाही, हे त्याने बरोबर हेरलं होतं.

याच कादंबरीवर १९३९ मध्ये ब्रिटनमध्ये आधी एक चित्रपट झाला होता. दिग्दर्शक वॉल्टर समर्स, आणि मुख्य भूमिकेत ‘ड्रॅक्युला’मुळे गाजलेला बेला लुगोसी. त्यात हे आर्थिक यंत्र अधिक उघडं करून दाखवलं होतं. अडचणीतल्या माणसाला कर्ज द्यायचं, तारण म्हणून त्याच्या जिवाचा विमा घ्यायचा आणि लाभार्थी म्हणून अंधांच्या संस्थेचं नाव घालायचं. कर्ज दिलं त्याच दिवशी माणसाचं मरण ठरलेलं. तो चित्रपट सरळ भयपटाच्या अंगाने जातो. फोररच्या जर्मन चित्रपटाने भय ठेवलं, पण पोलीस तपासाचा सांगाडा पुन्हा मजबूत केला.

जर्मनांचा वॉलेस

एक इंग्रज लेखक जर्मनांच्या घराघरांत कसा शिरला, हे थोडं सांगायला हवं. एडगर वॉलेस यांचा जन्म १८७५ चा, लंडनजवळच्या ग्रिनिचमधला. आई नाटकात काम करणारी, लग्नाशिवाय झालेलं मूल. मासळीबाजारात हमाली करणाऱ्या एका कुटुंबाने त्याला वाढवलं. लहानपणी पेपर विकले, तरुणपणी सैन्यातून दक्षिण आफ्रिकेत गेला, तिथे वार्ताहर झाला. पुढे तो कादंबऱ्या लिहायचा म्हणण्यापेक्षा सांगायचा. ध्वनिमुद्रण यंत्रात बोलायचा आणि टंकलेखक उतरवून घ्यायचे. अशा १७० च्या वर कादंबऱ्या त्याच्या नावावर आहेत. पैसा अमाप मिळवला आणि घोड्यांच्या शर्यतीवर तेवढाच उडवला. फेब्रुवारी १९३२ मध्ये हॉलिवूडमध्ये ‘किंग काँग’च्या कथेवर काम करत असताना तो वारला, तेव्हा मागे डोंगराएवढं कर्ज होतं. पुस्तकांच्या मानधनाने ते काही वर्षांतच फिटलं.

जर्मनीत त्याला रुजवलं गोल्डमान या प्रकाशनाने. लाल मुखपृष्ठाच्या त्यांच्या स्वस्त रहस्यकादंबऱ्या पिढ्यान्‌पिढ्या वाचल्या गेल्या. विसाच्या दशकातच बर्लिनच्या रंगभूमीवर त्याचं ‘डेअर हेक्सर’ हे नाटक आलं, मग चित्रपटही आले. पुढे हिटलरची राजवट आणि युद्ध. शत्रुराष्ट्राच्या लेखकांची पुस्तकं बाजारातून गेली. युद्धानंतर १९५० च्या दशकात गोल्डमानने पुन्हा खिशात मावतील अशा आवृत्त्या काढल्या आणि वाचक जणू वाटच बघत होता.

चित्रपटवाले मात्र बिचकत होते. रहस्यपट जर्मनीत चालत नाहीत, असा धंद्यात समज होता. त्या काळात पडद्यावर डोंगरदऱ्या, वनरक्षक आणि गोड प्रेमकथा यांची चलती होती. धाडस केलं ते प्रेबेन फिलिप्सेन या डॅनिश निर्मात्याने. त्याने वॉलेसच्या मुलीकडून, पेनेलोपी वॉलेस यांच्याकडून, हक्क मिळवले आणि ‘डेअर फ्रॉश मिट डेअर मास्के’ (मुखवट्यातला बेडूक) काढला. सप्टेंबर १९५९ मध्ये तो लागला आणि तुफान चालला. मग एकामागोमाग एक. वितरण कॉन्स्टान्टिनकडे, पुढे निर्मितीची सूत्रं होर्स्ट वेंडलांट या हिशेबी माणसाकडे. ठराविक नट, ठराविक तंत्रज्ञ, आटोपशीर चित्रीकरण. गिरणीतून कापड निघावं तसे चित्रपट निघू लागले. स्पर्धक निर्माते आर्टुर ब्राउनर यांना वॉलेसचे हक्क मिळाले नाहीत तर त्यांनी वॉलेसच्या मुलाचं, ब्रायन एडगर वॉलेस याचं नाव घेऊन वेगळी मालिका सुरू केली. दुकानाच्या शेजारी मिळत्याजुळत्या नावाचं दुकान टाकावं, तसाच हा प्रकार.

एका हाताचा दिग्दर्शक

आल्फ्रेड फोरर यांचा जन्म श्टुटगार्टचा, १९१४ सालचा. युद्धात त्यांनी उजवा हात गमावला. नट व्हायचं स्वप्न तिथेच मागे पडलं आणि युद्धानंतर ते परदेशी चित्रपटांना जर्मन आवाज देण्याच्या, म्हणजे डबिंगच्या धंद्यात शिरले. शेकडो परके चित्रपट पुन्हा पुन्हा, तुकड्या-तुकड्याने बघणं हेच त्यांचं शिक्षण. ‘मृत डोळे’ हा त्यांचा पहिला वॉलेस चित्रपट. पुढे रियाल्टोसाठी त्यांनी असे एकूण १४ केले, इतर कुणाहीपेक्षा जास्त. नंतरच्या चित्रपटांच्या सुरुवातीला गोळ्यांच्या आवाजानंतर ‘हॅलो, एडगर वॉलेस बोलतोय’ अशा अर्थाचं जे वाक्य ऐकू येतं, तो आवाजही फोरर यांचाच.

फोररना कॅमेऱ्याच्या खोड्यांची फार हौस. या चित्रपटात एक माणूस दात धुवायचं पिचकारीचं यंत्र वापरतो आणि कॅमेरा चक्क त्याच्या तोंडाच्या आतून बाहेर बघतो. दातांच्या चौकटीतून आपल्याला समोरचं दिसतं. कथेला याचा काडीचा उपयोग नाही. पण असा एखादा क्षण आला की प्रेक्षक सावध होतो, आता हा दिग्दर्शक कुठून बघायला लावील याचा नेम नाही. विमा कंपनीच्या कचेरीत सिगारेटी ठेवायला कवटी आहे, हेही त्यातलंच. छायाचित्रण कार्ल लोब यांचं. ओला रस्ता, एकच दिवा, भिंतीवर सरकणारी सावली. यात १९२० च्या दशकातल्या जर्मन मूकपटांची शाळा स्पष्ट दिसते. हाइन्त्स फुंक यांचं संगीत काही ठिकाणी कानाला टोचतं. ते तसंच हवं होतं बहुधा.

लंडन म्हणून जे दिसतं त्यात खरं लंडन थोडंच, मध्येमध्ये जोडलेल्या दृश्यांपुरतं. बाकी हॅम्बुर्गचा स्टुडिओ आणि तिथलं बंदर. धुकंही यंत्राचं. इथे एक मजेची गोष्ट आहे. डिसेंबर १९५२ मध्ये लंडनवर पाच दिवस जो विषारी धूर-धुक्याचा थर बसला त्यात हजारो माणसं दगावली, आणि त्यानंतर १९५६ मध्ये स्वच्छ हवेचा कायदा झाला. म्हणजे खरं लंडन धुक्यातून बाहेर पडायच्या धडपडीत होतं तेव्हा जर्मन स्टुडिओत ते नव्याने तयार केलं जात होतं.

नटमंडळी

इन्स्पेक्टर होल्टच्या भूमिकेत योआखिम फुक्सबर्गर. उंच, नीटनेटका, खट्याळ हसणारा. पुढे तो दूरचित्रवाणीवरचा लाडका निवेदक झाला आणि १९७२ च्या म्युनिक ऑलिंपिकच्या उद्घाटनात स्टेडियममध्ये जो आवाज घुमला तो त्याचाच. नोरा झालेली कारिन बाल बर्लिनच्या तरुण पिढीवरच्या ‘डी हाल्बश्टार्कन’ (१९५६) मधून पुढे आली होती. तिची नोरा नुसती किंचाळणारी नायिका नाही, तपासातलं महत्त्वाचं काम ती करते. एडी आरेंट हा विनोदी सार्जंट, कामाच्या मधल्या वेळात विणकाम करत बसणारा. असे विनोद काहींना खटकतात. पण ते काढले तर चित्रपट गुदमरेल.

क्लाउस किन्स्की याची भूमिका लहान. पण काळ्या चष्म्याआडून तो ज्या तऱ्हेने खोलीत उभा राहतो, त्याने नजर दुसरीकडे वळत नाही. दहा-अकरा वर्षांनी ‘आगिरे’मधून तो जगभर पोचला. विमावाला जड रंगवणारा वोल्फगांग लुक्शी पुढे सर्जिओ लिओनेच्या ‘अ फिस्टफुल ऑफ डॉलर्स’मध्ये दिसतो. आणि ब्लाइंड जॅक म्हणजे व्हिएन्नाचा पैलवान आडी बर्बर. ‘बेन-हर’ (१९५९) मध्ये अपंग मालकाला उचलून नेणारा, तोंडातून शब्द न काढणारा धिप्पाड माणूस ज्यांना आठवत असेल, तोच हा.

पण निवडीतली खरी हुशारी डीटर बोर्शे यांच्याबाबतीत आहे. पन्नासच्या दशकातले ते जर्मन पडद्यावरचे सभ्य, देखणे, विश्वासू पुरुष. ‘नाख्टवाखे’ (१९४९) मध्ये त्यांनी कॅथलिक धर्मगुरू रंगवला होता आणि लोकांनी तो डोक्यावर घेतला होता. बारा वर्षांनी त्याच चेहऱ्यावर पुन्हा पाद्र्याचा पोशाख चढला, तेव्हा प्रेक्षकांनी आधीचाच विश्वास त्याच्यावर टाकला असणार. फोररनी तो विश्वास भांडवल म्हणून वापरला.

परक्या शहरात घडवलेला गुन्हा

चित्रपट एका मोठ्या गोष्टीबद्दल अवाक्षर काढत नाही. कथा १९२४ ची, इंग्रजाची, तेव्हा तिने काढावं अशी अपेक्षाही नाही. पण १९६१ च्या जर्मनीत बसून ती बघणाऱ्यांच्या मनात काय असेल, हा विचार टाळता येत नाही.

अपंगांची संस्था, तिच्यावर देखरेख करणारा प्रतिष्ठित माणूस, आत चाललेले खून आणि बाहेर व्यवस्थित कागदपत्रं. हे सगळं जर्मनीत खरोखर घडून गेलं होतं. जुलै १९३३ मध्ये नाझी सरकारने सक्तीच्या नसबंदीचा कायदा केला, त्यातल्या ‘आनुवंशिक’ आजारांच्या यादीत अंधत्वही होतं. पुढे १९४० आणि १९४१ मध्ये मनोरुग्ण आणि अपंगांना संस्थांमधून नेऊन विषारी वायूने मारण्यात आलं. सत्तर हजारांवर माणसं. बर्लिनमधल्या टिअरगार्टन रस्त्यावरच्या चार नंबरच्या घरातून हा कारभार चालायचा, म्हणून त्याला ‘टी-४’ म्हणतात. घरच्यांना खोटं कारण लिहिलेलं पत्र जायचं. आणि हिशेबासाठी तिथे स्वतंत्र कचेरी होती. मारलेल्या माणसाच्या मृत्यूची तारीख कागदावर पुढे ढकलायची आणि मधल्या दिवसांचा देखभालीचा खर्च त्याचा भार उचलणाऱ्यांकडून वसूल करायचा, हे काम ती करत असे. वॉलेसच्या डोक्यातून निघालेल्या विमा टोळीपेक्षा हे सरकारी खातं कितीतरी निर्ढावलेलं होतं.

या खुनांचा वैद्यकीय प्रमुख वेर्नर हायडे युद्धानंतर पळाला आणि फ्लेन्सबुर्ग शहरात फ्रिट्झ झावाडे या नावाने वर्षानुवर्षं उजळ माथ्याने राहिला. न्यायालयांसाठी, विमा खात्यांसाठी तो तज्ज्ञ म्हणून अहवाल लिहायचा. तो खरा कोण, हे तिथल्या अनेक प्रतिष्ठितांना ठाऊक होतं, पण कुणी बोललं नाही. नोव्हेंबर १९५९ मध्ये तो उघडा पडला. पुढे खटल्याच्या तोंडावर, फेब्रुवारी १९६४ मध्ये, त्याने तुरुंगात जीव दिला. ‘मृत डोळे’ प्रदर्शित झाला तो या बातम्या ताज्या असताना. त्यानंतर दोनच आठवड्यांनी जेरुसलेममध्ये आइशमनचा खटला उभा राहिला.

चित्रपटाचा पटकथाकार ‘ट्रिग्वे लार्सेन’. नाव नॉर्वेच्या माणसाचं वाटतं. प्रत्यक्षात तो एगॉन आइस, व्हिएन्नाचा ज्यू लेखक. हिटलर येण्यापूर्वी त्याने वॉलेसच्या कथांवर चित्रपट लिहिले होते, मग जीव वाचवायला देश सोडला, क्युबा आणि मेक्सिकोत दिवस काढले आणि पन्नासच्या दशकात परत आला. परतल्यावर त्याने तेच काम हाती घेतलं, टोपणनावाने. म्हणजे सज्जनाचा मुखवटा घातलेल्या खुन्याची ही गोष्ट जर्मन प्रेक्षकाला सांगणारा माणूस, त्याच समाजाने हाकललेला होता. त्याच्या मनात काय होतं याचा अंदाज बांधण्यात अर्थ नाही. पण लंडनचं धुकं जर्मन प्रेक्षकाला इतकं सोयीचं का वाटलं, याचं एक उत्तर इथे आहे. खुनी तिकडचा, संस्था तिकडची, पोलीसही तिकडचे आणि प्रामाणिक. आपल्या गावातल्या डॉक्टरकडे बघायची गरज नाही.

चित्रपटाची खरी कमजोरी यालाच चिकटून आहे. अंध माणसं इथे बहुतेक वेळ भीती दाखवण्यासाठी येतात. पांढरी बुबुळं, रांगेत चालणाऱ्या आकृत्या, काठ्यांचा आवाज. जॅकला माणूस म्हणून काही मिळत नाही. १९३९ च्या चित्रपटात निदान त्याच्या जोडीदारावर अन्याय होतो तेव्हा तो मालकावर उलटतो, त्याला राग आणि दुःख आहे. जर्मन चित्रपट त्याला राबवतो आणि बाजूला करतो. युद्धातून अपंग होऊन आलेल्या दिग्दर्शकाकडून वेगळं काही घडलं असतं तर बरं झालं असतं. एवढं मात्र खरं की सर्वांत मोठा गुन्हेगार डोळस आहे, आणि आंधळेपणा हा त्याने पांघरलेला मुखवटा आहे.

पुढे काय झालं

चित्रपट चांगला चालला. फोरर मालिकेचे मुख्य दिग्दर्शक झाले. त्यांच्याच ‘दास इंडिशे टूख’ (भारतीय रुमाल, १९६३) मध्ये एका इंग्रज सरदार घराण्यात एकेकाचा गळा भारतीय रुमालाने आवळला जातो. ठगांच्या गोष्टी युरोपात कुठवर झिरपल्या होत्या त्याचा हा नमुना. १९६६ पासून मालिका रंगीत झाली आणि बऱ्याच जाणकारांच्या मते तिथूनच उतरण लागली. रंगात धुकं दिसतं, पण भीती वाटत नाही. १९६८ मध्ये फोररनी याच कादंबरीवर पुन्हा ‘डेअर गोरिला फॉन सोहो’ काढला. अंधांच्या वसतिगृहाच्या जागी मुलींचं सुधारगृह, जॅकच्या जागी गोरिल्याचं कातडं पांघरलेला माणूस. पहिल्याची सर त्याला नाही.

त्या दुसऱ्या चित्रपटातला इन्स्पेक्टर होर्स्ट टापर्ट. हाच पुढे ‘डेरिक’ या मालिकेमुळे जगभर ओळखला गेला, आणि तिचे अनेक भाग फोररनीच दिग्दर्शित केले. टापर्ट २००८ मध्ये वारले. २०१३ मध्ये जुन्या कागदपत्रांतून ते तरुणपणी वाफेन-एसएसमध्ये होते हे बाहेर आलं, तेव्हा काही वाहिन्यांनी पुनःप्रसारण थांबवलं.

मालिकेचे शेवटचे चित्रपट १९७२ मध्ये इटलीच्या भागीदारीत झाले. त्यांतल्या मासिमो दालामानो दिग्दर्शित ‘दास गेहाइमनिस डेअर ग्र्युनेन श्टेकनाडेल’मध्ये एन्निओ मोरिकोनेचं संगीत आहे, आणि फुक्सबर्गर व कारिन बाल ही जोडी अकरा वर्षांनी पुन्हा एका पडद्यावर येते. धुक्याचा मागमूस नाही. इटालियन पद्धतीचा लख्ख, रक्ताळ रहस्यपट. २००४ मध्ये ‘डेअर विक्सर’ नावाचं या सगळ्याचं विडंबन आलं. २००७ मधल्या त्याच्या दुसऱ्या भागात ऐंशीला टेकलेला फुक्सबर्गर स्वतः हजर होता.